मोरावेच्या कांठचा गायक

परदेशचा प्रवास करून आलेला गृहस्थ बहुधा तेथील इमारती, रस्ते आणि दुकानें यांचें वर्णन करीत असतो. आम्हांसही तसें करितां आलें असतें. सावा आणि डॅन्यूब या दोन महानद्यांच्या संगमावर वसलेलें बेलग्रेड शहर आणि त्या संगमावर शतकानुशतकें पहारा करीत उभा असलेला कालेमेग्दानचा किल्ला, हीं दोन्ही वर्णनास योग्यच आहेत. परंतु सर्बियांतील महिनाभराच्या मुक्कामांतून आमच्याबरोबर घरापर्यंत जर कांहीं आलें असेल, तर तो एका मनुष्याचा आवाज होय. तो मनुष्य १९९१ सालीं वारला. त्याची भाषा आम्हांस येत नाहीं. आणि ज्या जागीं तो जन्मभर गायला, तसल्या जागेची पायरी आमच्या घरांतील कोणीं चढली असती, तर आमच्या आजीनें त्यास आंघोळ केल्यावांचून घरांत घेतलें नसतें. असें असतांही त्याची हकीकत या मासिकाच्या वाचकांपुढें ठेवावीशी वाटते. कारण तिच्यांत आपल्याही घरांतली एक गोष्ट दडलेली आहे.

आमचे जावई नोकरीनिमित्त बेलग्रेडला असतात. सप्टेंबर महिन्यांत आम्ही उभयतां त्यांच्याकडे गेलों होतों. पहिल्याच शनिवारीं मुलगी म्हणाली, "बाबा, किल्ला उद्यां पाहूं. आज तुम्हांला कफाना दाखवायचा आहे." कफाना म्हणजे काय, असें विचारतां जें उत्तर मिळालें त्यानें आमच्या सौभाग्यवतींच्या कपाळास आठ्या पडल्या. जेथें भोजन मिळतें, कॉफी मिळते, आलुबुखाराची दारूही मिळते आणि रात्र चढली कीं गाणें सुरू होतें, असें तें ठिकाण. जावईबापूंनीं मात्र मोठ्या युक्तीनें वकिली केली. ते म्हणाले, "शब्द तर आपल्याच ओळखीचा आहे. कॉफीचा 'कहवा' आणि आपल्या दवाखान्यांतला, कारखान्यांतला 'खाना' मिळून तो झाला. तुर्कांनीं फारसींतून उचलला आणि इकडे आणून सोडला." पुढें त्यांनीं सांगितलें कीं, बेलग्रेडमध्यें विजेचा पहिला दिवा लागला तो १८८० सालीं 'हांबुर्ग' नांवाच्या कफान्यांत, आणि चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला तो ६ जून १८९६ रोजीं 'झ्लात्नी क्रस्त' या कफान्यांत. मुंबईस वॉटसन हॉटेलांत तोच नवलाचा खेळ ७ जुलै १८९६ रोजीं झाला. म्हणजे सर्बियन मंडळींनीं आपणांस एका महिन्यानें मागें टाकिलें होतें! सभा, भांडणें, लग्नाच्या बोलण्या, राजकारणाचे कट हें सारें तेथें कफान्यांतच व्हावयाचें. मोठ्या देवळासमोरच्या एका जुन्या कफान्यानें देवळाचें नांव धारण केलें, तेव्हां धर्माधिकाऱ्यांनीं हरकत घेतली. मालकानें १८९२ सालीं नांव पुसून नुसतें प्रश्नचिन्ह रंगविलें, आणि तें आजतागायत दारावर आहे. इतकें ऐकल्यावर सौभाग्यवतींनीं "बरें, जेवून परत येऊं" एवढ्या अटीवर संमति दिली.

आम्ही गेलों तो कफाना एका बोळांत होता. लांकडी टेबलें, तांबड्या चौकड्यांचे रुमाल, भाजलेल्या मिरचीचा आणि धुराचा वास. पांढऱ्या घेवड्याची भट्टींत शिजविलेली उसळ आणि जाड पाव, एवढें शाकाहारी अन्न मिळाल्यामुळें आमची सोय झाली. वादक तिघे होते. एकाच्या गळ्यांत पेटी, दुसऱ्याचें व्हायोलिन, तिसऱ्याची गिटार. पहिला तासभर नाचाच्या उडत्या चाली चालल्या. कोणी खूष होऊन वादकाच्या पेटीच्या भात्यांत नोट खोंवी, कोणी ती त्याच्या कपाळास चिकटवी. आमचें मन त्यांत रमलें नाहीं, आणि निघण्याचा विचार चालला होता.

इतक्यांत पेटीवाल्यानें चाल बदलली. अत्यंत संथ, जवळ जवळ बोलल्यासारखी चाल होती ती. दोन स्वर उमटले नाहींत तों साऱ्या खोलीचा गलबला आपोआप निवाला, आणि मग सगळेच गाऊं लागले. वृद्ध जोडपीं, विशीतलीं मुलें, ताटें घेऊन जाणारा वाढपी, सगळ्यांस तें गाणें अक्षरन् अक्षर पाठ होतें. कोपऱ्यांत एक आडदांड देहाचा, मोटार हांकणाऱ्याच्या वेषांतला मनुष्य एकटाच बसला होता. तो डोळे मिटून गात होता, आणि त्याच्या गालांवरून आंसवें वाहत होतीं. त्यानें तीं पुसलीं नाहींत. त्याला कोणी हंसलें नाहीं, आणि "काय झालें?" असेंही कोणीं विचारिलें नाहीं. शेजारच्या टेबलावरील एका म्हाताऱ्यानें पाण्याचा पेला हळूच त्याच्याकडे सरकविला, एवढेंच.

"कोणाचें गाणें हें?" आम्हीं विचारलें.

"तोमाचें," मुलगी म्हणाली.

तेथें कोणीही याहून अधिक सांगत नाहीं. त्याचें पूर्ण नांव तोमा झ्द्राव्कोविच. परंतु लोकांनीं ज्याला एकदां आपला म्हटलें, त्याचें आडनांव गळून पडतें, हा अनुभव आपल्याकडेही आहेच. त्याचा जन्म २० नोव्हेंबर १९३८ रोजीं अलेक्सिनात्स येथें झाला. बाळपण लेस्कोवात्सजवळच्या पेचेन्येव्त्से या खेड्यांत गेलें. लेस्कोवात्सच्या कफान्यांतून त्याच्या गायनास आरंभ झाला, आणि पुढें साऱ्या युगोस्लाव्हियांत तो कानाकोपऱ्यांत ऐकला जाऊं लागला. पुष्कळशीं गाणीं तो स्वतःच रची आणि स्वतःच चाल लावी. त्यांचे विषय थोडेच : सोडून गेलेली स्त्री, मागें राहिलेलें घर, वायां गेलेलें वय. एका प्रसिद्ध गाण्याचें नांवच 'कफाना हें माझें नशीब' असें आहे. गळा फार मोठा नव्हता. तान, मुरकी यांचा सोस नव्हता. ऐकणाऱ्याच्या शेजारीं बसून, कोणाला ऐकूं जाऊं नये अशा बेतानें आपलें दुःख सांगावें, तसा तो गाई. मिळविलेला पैसा त्याच्या हातीं टिकत नसे, आणि रात्री कफान्यांत सरत, अशीच त्याची ख्याति होती. म्हणजे आदर्श म्हणून मुलांपुढें ठेवावा असा हा पुरुष नव्हे, हें आम्ही प्रथमच सांगून टाकितों.

त्या रात्रीं जावईबापूंनीं एक शब्द शिकविला : 'देर्त'. मनांत खोल रुतलेली, औषध नसलेली हुरहुर म्हणजे देर्त. हा शब्दही तुर्कांच्या मार्गानें गेलेला फारसी 'दर्द'च होय. दुसरा शब्द 'सेव्दाह'. त्याचें मूळ अरबी. जुने हकीम शरीरांतील ज्या काळ्या पित्तास 'सौदा' म्हणत, आणि ज्याच्या प्रकोपानें मनुष्य उदास होतो असें मानीत, तोच हा. बोस्नियांतील सेव्दाहच्या गाण्यांस युनेस्कोनें २०२४ सालीं मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें आहे. आम्हांस मात्र 'दर्द' या शब्दावरून आपल्याच भाषेंतील एक चमत्कार सुचला. गाण्याचा खरा जाणकार जो, त्यास आपण 'दर्दी' म्हणतों. दुखणें ज्याला ठाऊक, तोच ऐकण्यास अधिकारी, असें मराठीनें कधींच ठरवून टाकिलें आहे. आपण तो शब्द रोज वापरतों आणि त्याचा अर्थ विसरतों.

तोमाची पुण्यतिथि ३० सप्टेंबर ही जवळ आली होती. तेव्हां त्याचें गांव पाहून यावें असें आम्हीं ठरविलें, आणि जावयांच्या मोटारींतून आम्ही चौघें दक्षिणेकडे निघालों.

बेलग्रेडपासून निश शहरापर्यंतचा हमरस्ता सुमारें २४० किलोमीटरांचा आहे. युगोस्लाव्हिया अखंड होता तेव्हां, एका टोकाच्या स्लोव्हेनियापासून दुसऱ्या टोकाच्या मॅसिडोनियापर्यंत जाणाऱ्या या महामार्गास 'ब्रात्स्त्वो इ येदिन्स्त्वो' असें नांव होतें. 'ब्रात' म्हणजे आपला 'भ्राता'. बंधुता आणि ऐक्य असा त्या नांवाचा अर्थ. बेलग्रेड सोडून फार वेळ झाला नाहीं तों जावयांनीं एका बाजूस बोट दाखविलें. स्मेदेरेवोजवळचें कोलारी गांव तें. १० ऑक्टोबर १९७६ रोजीं या गांवाजवळ झालेल्या मोटारीच्या अपघातांत सिल्वाना अर्मेनुलिच ही गायिका, तिची बहीण मिर्याना आणि व्हायोलिनवादक राडे याशारेविच हीं तिघें जागच्या जागीं गतप्राण झालीं. सिल्वाना ही त्या काळची सर्वांत लाडकी गायिका. बोस्नियांतील दोबोय गांवच्या मुसलमान कुटुंबांत ती १९३९ सालीं जन्मली. मूळ नांव झिल्हा. तोमा सर्बियन खेड्यांतला. या दोघांचा स्नेह साऱ्या देशास ठाऊक होता. १९६९ सालीं तिच्या कंठांतून जें गाणें घराघरांत पोंचलें, त्याच्या नांवाचा अर्थ 'मला आयुष्याचें काय करायचें' असा आहे. आणि तें लिहिलें होतें तोमानें. सात वर्षांनीं सिल्वानाच गेली. त्यावेळीं ती अवघी सदतीस वर्षांची होती. पुढें तोमा आणखी पंधरा वर्षें गात राहिला.

रस्त्याच्या दोहों बाजूंस मक्याचीं वाळलेलीं शेतें, आलुबुखाराच्या बागा, मधूनच मोरावा नदीची चकाकी. अलेक्सिनात्स मागें पडलें. निशच्या पुढें दक्षिण मोरावेचें खोरें लागतें, आणि तेथून हवेंतच एक फरक जाणवूं लागला. प्रत्येक खेड्यांत आंगणांत चुली पेटलेल्या, त्यांवर तांबड्या मिरच्या भाजल्या जात होत्या. कांहीं घरांच्या भिंती तर मिरच्यांच्या माळांनीं नखशिखांत झांकल्या होत्या. ह्या ढबू जातीच्या गोड मिरच्या भाजून, सोलून, कुटून, तेलावर तासन् तास परतून वर्षाच्या बेगमीचें 'आय्वार' नांवाचें तोंडीलावणें करितात. आपल्या वाळवणांच्या दिवसांत घरांतील साऱ्या बायकांची जी लगबग असते, तीच येथेंही होती. आमच्या सौभाग्यवती प्रथमच त्या देशांत मनापासून रमल्या.

लेस्कोवात्सला एके काळीं 'सर्बियाचें मँचेस्टर' म्हणत. इतक्या कापडाच्या गिरण्या तेथें होत्या. त्यांच्या बंद पडलेल्या इमारती पाहून मुंबईच्या गिरणगांवाची आठवण झाली. त्याच्या उत्तरेस थोड्या अंतरावर पेचेन्येव्त्से. जावयांच्या कचेरींतील एका सहकाऱ्याचे आजोबा तेथें राहतात; त्यांच्या घरीं आमची जाण्याची व्यवस्था होती.

दारांतच आजीबाईंनीं तबक पुढें केलें. त्यांत फळांच्या मुरंब्याची वाटी, प्रत्येकास चमचा आणि थंड पाण्याचे पेले. आलेल्या पाहुण्यानें एक चमचा गोड खावें, पाणी प्यावें आणि मग बोलावें, अशी तेथील रीत. आपलें गूळपाणीच हें! इतक्यांत आमच्या मुलीनें आम्हांस मागून "बाबा!" म्हणून हांक मारली, आणि सारें घर खो खो हंसूं लागलें, कारण सर्बियन भाषेंत 'बाबा' म्हणजे आजी. या हंशानें परकेपणा गेला. मग नात्यांचे शब्द निघाले. सुनेला ते 'स्नाहा' म्हणतात, संस्कृतांतली स्नुषा. दिराला 'देवेर'. सासऱ्याला 'स्वेकर', तो आपला श्वशुर. आणि दिराच्या बायकोला 'येत्र्वा', जी संस्कृतांतली 'यातृ' आणि आपली 'जाऊ'! ज्या इंग्रजांशीं आपला दीडशें वर्षें संबंध आला, त्यांच्यापाशीं जाऊ या नात्याला शब्दच नाहीं. या लोकांपाशीं तो आहे, कारण त्यांच्यांतही एकत्र कुटुंबें होतीं. तीन चार भाऊ, त्यांच्या बायका, मुलें, एक चूल, एक कोठार आणि वडीलकीचा एकच हुकूम. त्या व्यवस्थेस 'झाद्रुगा' म्हणत. एकोणिसाव्या व विसाव्या शतकांत त्या हळूहळू मोडल्या.

आजोबा निवृत्त शाळामास्तर. वय चौऱ्यायशीं, ताठ बसणें, शब्द तोलून बोलणें. आम्ही तोमाचें गांव पाहण्यास आलों आहों हें ऐकून ते प्रथम जरासे गप्प झाले. मग मुलीच्या व जावयाच्या दुभाषेपणानें त्यांनीं जें सांगितलें, तें असें.

त्यांच्या लोकगीतांचा मोठा संग्राहक वूक काराजिच. १८१४ पासून त्यानें गाणीं छापलीं, आणि त्यांची कीर्ति जर्मन पंडितांपर्यंत गेली. त्यानें गाण्यांचे दोन वर्ग केले : वीरांचीं गाणीं आणि बायकांचीं गाणीं. युद्धाचे पोवाडे पुरुषांनीं 'गुस्ले' नांवाच्या एका तारेच्या वाद्यावर म्हणावयाचे. विरह, प्रेम, माहेर, मरण यांचें बाकी सारें गाणें बायकांचें. "म्हणजे पुरुषानें," मास्तर म्हणाले, "मारावें, मरावें, पण रडूं नये. आम्ही तसेच वाढलों."

मग दुसरें महायुद्ध झालें. त्यानंतर कारखाने निघाले, आणि खेड्यांतील तरुण शहरांत गेला. १९६८ सालीं युगोस्लाव्हिया व पश्चिम जर्मनी यांच्यांत मजुरांविषयीं करार झाला, आणि लाखों माणसें परदेशीं कामास गेलीं. खेड्याचें गाणें त्यांच्या मागें पडलें होतें, आणि शहराचें गाणें त्यांचें नव्हतें. त्यांच्यासाठीं नवें गाणें निघालें. पेटीच्या साथीचें, साध्या शब्दांचें, कफान्यांत आणि तबकडीवर वाजणारें. सुशिक्षितांनीं नाकें मुरडलीं. १९७० नंतर लौकरच सरकारनें हिणकस ठरविलेल्या छापील मजकुरावर व ध्वनिमुद्रिकांवर जादा करही बसविला. लोक त्याला 'शुंदावरचा कर' म्हणत. 'शुंद' म्हणजे टाकाऊ माल.

"मी त्या कराच्या बाजूचा होतों," मास्तर म्हणाले. "मुलांना शुद्ध भाषा शिकविणें हा माझा धंदा. माझा धाकटा भाऊ गिरणींत होता. त्याची बायको पहिल्या बाळंतपणांत गेली, मूलही गेलें. तो तोमाची तबकडी घेऊन आला आणि रात्रीं लावून बसूं लागला. मी म्हटलें, हें घर आहे, कफाना नव्हे. एके दिवशीं तबकडी उचलून मी कपाटांत घातली आणि कुलूप लाविलें. तो कांहीं बोलला नाहीं. संध्याकाळीं कफान्यांत जाऊं लागला. वर्षानें जर्मनीस गेला. चौदा वर्षांत दोनदां घरीं आला. मग पेटींतूनच आला."

आजीबाई कॉफीचे पेले उचलण्याच्या निमित्तानें आंत निघून गेल्या. मास्तर थोड्या वेळानें म्हणाले, "मी त्याला शुद्ध भाषा दिली; रडायला जागा मात्र दिली नाहीं. ती या गावच्या त्या दुसऱ्या मुलानें दिली, ज्याला मी टाकाऊ म्हणत होतों."

तें कपाट आतां उघडेंच असतें. भावाच्या श्राद्धदिवशीं ते ती तबकडी एकदां लावतात, आणि घरांतलीं सारीं ती बसून ऐकतात.

आम्ही काय उत्तर देणार? मास्तर बोलत असतां आमच्या डोळ्यांसमोर आमचाच वाडा उभा राहिला होता. आमची आत्या सोळाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं आली, ती कायमची. पहांटे चारला ती जात्यावर बसे आणि ओव्या म्हणे. त्यांत देवाचें नांव असे, भावांचें कौतुक असे. पण मधूनच अशी एखादी ओवी येई, कीं ती ऐकून आमच्या आईचा हात चुलीपाशीं थबके. एकदां थोरल्या काकांनीं माजघरांतून विचारलें, "या घरांत तुला काय कमी आहे, म्हणून हें रडगाणें?" त्या दिवसापासून ओव्या थांबल्या. पुढें गांवांत पिठाची गिरणी आली आणि जातेंही थांबलें. आम्हां मुलांस त्याचा आनंदच झाला, कारण पहांटेची झोंप मोडेनाशी झाली. काका दुष्ट नव्हते. आत्याला त्यांनीं जन्मभर अन्नवस्त्र दिलें, तीर्थयात्रा करविल्या. तिच्या तोंडून पुन्हां कधीं गाणें ऐकूं आलें नाहीं, हें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं.

दुःख घरांत बोलूं द्यावयाचें नाहीं, कारण त्यानें घरास उणेपणा येतो. ही समजूत सर्बियांतल्या मास्तरांची आणि आमच्या काकांची एकच होती. पण दुःख त्यामुळें नाहींसें होत नाहीं. पुरुष असला तर तें त्याला कफान्यांत नेतें. स्त्री असली तर तिला कोठें जातांही येत नाहीं. ती गप्प होते, आणि तिच्या गप्प राहण्यास आपण समाधान म्हणतों. कफान्याचा आम्ही पुरस्कार करीत नाहीं. त्यानें किती संसार बुडविले हें तेथील लोकच सांगतात, आणि तोमाच्या स्वतःच्या आयुष्याची नासाडी कोणी नाकारीत नाहीं. परंतु घराचें दार कोणीं लाविलें, हाही प्रश्न विचारावयास हवा.

संध्याकाळीं मास्तर आम्हांस गांवांतून फिरवून घेऊन आले. साधेंच गांव, सखल शेतें, आगगाडीचा रूळ, पलीकडे नदीकडची झाडी. येथूनच एक मुलगा गाण्याच्या नादानें बाहेर पडला. देशभर हिंडला, अमेरिकेसही जाऊन राहिला. शेवटचीं वर्षें कर्करोगाशीं झगडण्यांत गेलीं. १९८९ च्या 'बाल्कन एक्सप्रेस'च्या दुसऱ्या भागांत तो पडद्यावरही दिसला. ३० सप्टेंबर १९९१ रोजीं बेलग्रेड येथें, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, त्याचा अंत झाला. त्या वर्षाच्या २५ जूनला स्लोव्हेनिया व क्रोएशिया यांनीं स्वातंत्र्य जाहीर केलें होतें; तोमा गेला त्या दिवसांत डॅन्यूबच्याच कांठावरील वुकोवार शहरास वेढा पडलेला होता. बंधुता आणि ऐक्य यांच्या रस्त्यावर चौक्या बसल्या, आणि एका देशाचे अनेक देश झाले. सिल्वानाचें दोबोय आज दुसऱ्या देशांत आहे.

परंतु गाण्यांची वांटणी कोणास करितां आली नाहीं. २०२१ सालीं द्रागान ब्येलोग्र्लिच यांनीं 'तोमा' नांवाचा चित्रपट काढला. मिलान मारिच या नटानें त्यांत तोमाचें काम केलें. तो सर्बियांत तर लोकांनीं अलोट गर्दीनें पाहिलाच. पण एके काळीं ज्यांनीं एकमेकांवर बंदुका रोखल्या, त्या शेजारी देशांतही तो पाहिला गेला. कफान्यांत आम्हीं पाहिलेलीं विशीतलीं मुलें तोमाच्या मृत्यूनंतर जन्मलेलीं होतीं. त्यांना अखंड देशही आठवत नाहीं. गाणें मात्र पाठ आहे.

निघतांना आजीबाईंनीं आय्वारची बरणी आणि तांबड्या मिरच्यांची एक माळ सौभाग्यवतींच्या हातीं दिली. मास्तरांनीं आमचा हात बराच वेळ हातांत धरिला. आमच्या आत्याची गोष्ट आम्हीं त्यांस सांगितली होती. त्यांनीं एकच प्रश्न विचारिला, "तिचीं गाणीं कोणीं लिहून ठेविलीं आहेत का?"

कोणीं ठेविलीं नव्हतीं.

घरीं परत आलों तों दिवाळी आली होती. वाड्यांतील जुन्या मंडळींपैकीं आतां थोरल्या वहिनी तेवढ्या उरल्या आहेत. वय नव्वदीच्या घरांत, कान तिखट, स्मरण त्याहून तिखट. लग्न होऊन त्या घरांत आल्या, तेव्हां जात्यावर आत्याच्या समोर त्याच बसत. पाडव्याच्या दिवशीं दुपारीं आम्हीं त्यांना विचारलें, "वहिनी, आत्याच्या ओव्या तुम्हांला आठवतात का हो?"

त्यांनीं आमच्याकडे बराच वेळ पाहिलें. मग म्हणाल्या, "आठवतात तर! त्यांचा सोबतीचा खुंटा माझ्याच हातांत नव्हता का? पण भाऊजी, साठ वर्षांत या घरांत कोणीं विचारिलें नाहीं. तुम्हांला आजच कशी आठवण झाली?"

आम्हांस उत्तर देववेना. आम्ही पाट ओढून त्यांच्याजवळ बसलों.